युरियाचा प्लांट टाकायचाय? आधी दहा बादल्या विकून बघा



सध्या नवीन मुलांकडून एका धंद्याबद्दल सारखी विचारणा होतेय. युरिया. शेतातला नाही, ट्रकमधला. कागदोपत्री त्याचं नाव डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. शोरूमवाले ॲडब्लू म्हणतात, ड्रायव्हर मंडळी सरळ युरिया म्हणतात. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: "सर, मशीनवाला म्हणतोय सात-आठ लाखांत प्लांट उभा राहतो, लिटरमागे वीस रुपये सुटतात, माल हातोहात जातो. घेऊ का?"

माझं उत्तर आहे, नका घेऊ. निदान पहिल्या दिवशी तरी नका घेऊ. डीईएफचा धंदा वाईट नाही, उलट चांगला आहे. पण ज्या टोकाला मशीनवाला बोट दाखवतोय, तिथे तुमच्यासारख्या नव्या माणसाला पैसा नाही. पैसा आहे तो दुसऱ्या टोकाला, गाडीच्या टाकीपाशी. मला असं का वाटतं ते आज सविस्तर सांगतो. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात. इथे सावकाश वाचा, वही घेऊन बसलात तर आणखी बरं.

आधी हे पाणी करतं काय?

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नवीन गाडी विकायची तर ती बीएस-६ लागते. मोठ्या डिझेल ट्रकला हे मानक गाठायचं असेल तर धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करावे लागतात. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत एक डबा बसवलेला असतो, त्याला एससीआर म्हणतात. त्या डब्याच्या आधी गरम धुरात युरियाचं पाणी फवारलं जातं. उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो. पुढे डब्यात त्या अमोनियाची आणि नायट्रोजन ऑक्साइडची गाठ पडते आणि बाहेर पडतो तो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. बस, एवढंच काम.

म्हणजे हे इंधन नाही. इंजिनात जात नाही, डिझेलमध्ये मिसळायचं नाही. "आमच्या युरियानं ॲव्हरेज वाढतं" असं कुणी म्हणाला तर त्याच्याकडून बादली तर सोडाच, चहासुद्धा घेऊ नका.

या पाण्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी ६७.५ टक्के शुद्ध पाणी असतं. शुद्ध म्हणजे प्यायचं नव्हे, क्षार काढून टाकलेलं, डीएम वॉटर. गाडीच्या कॉम्प्युटरनं किती फवारायचं याचा हिशेब ३२.५ टक्के धरूनच बसवलेला असतो. पातळ माल टाकला की धुरात नायट्रोजन ऑक्साइड जास्त राहतात, सेन्सरला ते कळतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी स्वतःच शिक्षा करून घेते. आपलं बीएस-६ ज्या युरो-६ नियमांवर बेतलेलं आहे, त्यांत पहिली शिक्षा म्हणजे इंजिनचा जोर २५ टक्क्यांनी कमी. तरीही ऐकलं नाही तर शेवटी वेग ताशी २० किलोमीटरवर बांधला जातो. भिवंडीहून माल भरून निघालेली गाडी कसारा घाटात २० च्या वेगानं चढतेय, मागे दोन किलोमीटर रांग लागलीय आणि मालकाचा फोन वाजतोय. ड्रायव्हरची काय अवस्था होत असेल, विचार करा. त्याचा भत्ता बुडतो, शिव्या त्यालाच आणि युरिया मात्र दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला.

हे चित्र डोक्यात ठेवूनच आता प्लांटकडे वळू.

मशीनवाल्याचा कागद

मशीनवाल्याच्या माहितीपत्रकात एक तक्ता असतो. कच्चा माल इतका, वीज इतकी, मजुरी इतकी, विक्री इतकी, निव्वळ नफा इतका. या तक्त्यात दोन ओळी फार हुशारीनं लिहिलेल्या असतात: युरिया आणि पाणी.

युरियाची ओळ बघू. हजार लिटर डीईएफचं वजन साधारण १०९० किलो भरतं. त्यात ३२.५ टक्क्यांनी साधारण ३५४ किलो युरिया लागतो. कृषी सेवा केंद्रात ४५ किलोची युरियाची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते. म्हणजे किलोला सहा रुपयेसुद्धा नाही. ३५४ किलोचे झाले जेमतेम २१०० रुपये. लिटरमागे दोन रुपये दहा पैसे! हा आकडा बघितला की कुणाचेही डोळे फिरतील. आणि मशीन दाखवायला येणारा माणूस हळूच म्हणतो, "आता गोणी कुठली वापरायची ते तुमचं तुम्ही बघा. बाहेर सगळेच वापरतात."

थांबा. तो दर मुळात सरकारी अनुदानाचा आहे आणि ते अनुदान शेतकऱ्यासाठी आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ आणि अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ यांच्याखाली शेतीचा अनुदानित युरिया कारखान्यात वळवणं हा गुन्हा आहे. या कायद्यात सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दंडाची पावती फाडून सुटायचा हा प्रकार नव्हे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्यातले निम्मे जण शेतकऱ्याची पोरं आहेत. जून-जुलैमध्ये युरियासाठी कृषी सेवा केंद्रासमोर सकाळपासून रांग लागते, त्या रांगेत तुमचे वडील, काका उभे असतात. त्यांना दोन गोण्या मिळत नाहीत आणि तुम्ही शेडमध्ये पन्नास गोण्या विरघळवताय. हे मला पटत नाही आणि मी शिकवणारही नाही.

शिवाय तो माल चालतही नाही. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं लेपन सक्तीचं झालंय. ते तेल पाण्यात तवंग धरतं, फिल्टरला चिकटतं. दुसरं म्हणजे बाययुरेट नावाचा एक पदार्थ असतो. शेतीच्या युरियात तो दीड टक्क्यापर्यंत चालतो. असा युरिया ३२.५ टक्क्यांच्या द्रावणात गेला तर बाययुरेट अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातो. डीईएफच्या मानकात, म्हणजे आयएसओ २२२४१ मध्ये, मर्यादा आहे ०.३ टक्के. म्हणजे मुळातच नापास. वरून कितीही निळं लेबल चिकटवा.

मग योग्य कच्चा माल कुठला? टेक्निकल किंवा ऑटोमोटिव्ह ग्रेडचा, लेपन नसलेला युरिया, जीएसटीच्या पक्क्या बिलावर घेतलेला. तो अनुदानाच्या गोणीपेक्षा कितीतरी महाग पडतो. तो दर त्या तक्त्यात टाकून बघा, लिटरमागच्या वीस रुपयांचं काय होतं ते तुम्हालाच दिसेल. मशीनवाल्यासमोर बसून हा हिशेब करा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता पाण्याची ओळ. "आरओ प्लांट आहेच की आपला" असं म्हणणारे खूप भेटतात. पाण्याच्या जारचा धंदा करणाऱ्यांना तर हे जोडधंद्यासारखं वाटतं. बघा, आरओचं चांगलं पाणी ५० टीडीएसचं धरलं तर त्यात लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आहेत. डीईएफच्या मानकात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, लोह यांतल्या प्रत्येकाची मर्यादा आहे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. तांबं आणि जस्त तर ०.२ मिलिग्रॅम. कुठे ५० आणि कुठे अर्धा! त्यासाठी आरओच्या पुढे डीएमचे टप्पे लागतात, त्यांचं रेझिन वेळच्या वेळी धुवावं नाहीतर बदलावं लागतं आणि पाण्याची रोज मोजणी करावी लागते. टाकी, पाइप, व्हॉल्व्हसुद्धा स्टेनलेस स्टीलचे किंवा योग्य प्लास्टिकचे. एक पितळी कॉक लावला तरी त्यातलं तांबं आणि जस्त मालात उतरतं.

अजून एक गंमत. युरिया पाण्यात विरघळताना पाणी गार पडतं, अगदी हाताला जाणवेल इतकं. मग लवकर विरघळावं म्हणून शेडमधला पोरगा हीटर वाढवतो. जास्त तापलं की अमोनिया सुटायला लागतो आणि बाययुरेटही वाढू शकतो. म्हणजे बनवायचं कामही नुसतं "टाक आणि ढवळ" असं नाही.

हे क्षार गाडीत जाऊन करतात काय? नोझलवर आणि डब्यातल्या जाळीवर बसतात आणि हळूहळू उत्प्रेरक निकामी करतात. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या बादलीनं काही होत नाही, पाचव्यानंही नाही. मालक म्हणतो, "स्वस्तातला टाकतोय, गाडी मस्त पळतेय." आणि एक दिवस मोठ्या ट्रकच्या एससीआर डब्याचं काम निघतं, त्याचं बिल लाखांत येतं. लिटरमागे वाचवलेले दहा-पंधरा रुपये एका बिलात गेले. त्यात कंपनीनं युरियाचा नमुना तपासला तर वॉरंटीवरही पाणी.

इथे कुणीतरी विचारेल, रिफ्रॅक्टोमीटर आहे ना? दोन थेंब टाकले की ३२.५ दाखवतो. दाखवतो, बरोबर. पण तो फक्त घट्टपणा दाखवतो, शुद्धता नाही. साखरेचं ३१ टक्क्यांच्या आसपासचं पाणी केलंत तरी ते यंत्र जवळजवळ तेवढाच आकडा दाखवेल. मग काय साखरेचं पाणी टाकणार ट्रकमध्ये? रिफ्रॅक्टोमीटर जरूर घ्या, पातळ केलेला माल त्यानं पकडता येतो. पण "मीटर पास म्हणजे माल पास" हे वाक्य बाजारात फिरतंय, ते खोटं आहे. खरी खात्री प्रयोगशाळेच्या चाचणीनं होते. पुण्याच्या एआरएआयचं प्रमाणपत्र ग्राहक मागतात ते त्याचसाठी.

आणि लेबलवर ॲडब्लू छापायचा विचार असेल तर तो सोडा. ते नाव जर्मनीतल्या मोटार उद्योग संघटनेचं नोंदणीकृत आहे. परवान्याशिवाय ते वापरता येत नाही.

एवढं सगळं नीट करणारे लघुउद्योजक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्याकडे आधी केमिकलचा अनुभव होता नाहीतर बांधून घेतलेली मोठी गिऱ्हाइकं होती. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्यानं आईचे दागिने गहाण ठेवून मशीन आणायचं, हे माझ्या दृष्टीनं धाडस नाही.

मग पैसा कुठे आहे?

आता टाकीपाशी या.

एक मोठा ट्रक घ्या. महिन्याला ८,००० किलोमीटर पळतो, लिटरला ४ किलोमीटर देतो. डिझेल झालं २,००० लिटर. युरिया डिझेलच्या साधारण ५ टक्के धरा. गाडी, लोड, घाट यांप्रमाणे कमीजास्त होतं, पण हिशेबाला ५ ठीक आहे. म्हणजे महिन्याला १०० लिटर, २० लिटरच्या पाच बादल्या. हा ग्राहक दर महिन्याला न चुकता पाच बादल्या घेणार. सेल नाही, सीझन नाही, फॅशन नाही. गाडी पळाली की युरिया लागला. कुठल्याही दुकानदाराला असं गिऱ्हाईक स्वप्नात दिसतं.

आता धरा की तुम्ही चांगल्या कंपनीची प्रमाणित बादली विकताय आणि बादलीमागे तुम्हाला १०० रुपये सुटतात. तुमच्या भागातला खरा आकडा तुम्ही काढा, हा नुसता नमुना. एका गाडीचे महिन्याला ५०० रुपये. दहा गाड्यांचे ५,०००. एवढ्यात काही घर चालत नाही. छोटा टेम्पो, त्याचं डिझेल, एक पोरगा, गाळ्याचं भाडं मिळून ३०,००० खर्च धरा आणि तुमच्या हातात ३०,००० यायला हवेत. म्हणजे ६०,००० सुटले पाहिजेत, म्हणजे ६०० बादल्या, म्हणजे १२० गाड्या. लक्षात आलं का? हा धंदा १२० गाड्यांचा आहे. तुमच्या वीस किलोमीटरच्या टापूत निळ्या झाकणाच्या १२० गाड्या तुमच्याकडून घ्यायला तयार आहेत का, हा एकच प्रश्न विचारायचा. मशीनची क्षमता ताशी किती लिटर, हा प्रश्न नंतरचा.

कळंबोली, न्हावा-शेवा, चाकण, भिवंडी, जालन्याचा स्टीलचा पट्टा, नाशिकचं आडगाव, कोल्हापूर-निपाणीचा हायवे या ठिकाणी गाड्या आहेत, पण स्पर्धाही तशीच आहे. तालुक्याच्या गावी स्पर्धा कमी, पण तिथे मोजणी नीट करा. कारण डिझेलची प्रत्येक गाडी युरिया मागत नाही. बीएस-६ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना तो लागत नाही. काही छोट्या बीएस-६ पिकअपलाही लागत नाही, त्यांची धूर साफ करायची पद्धत वेगळी आहे. सीएनजीच्या ट्रकला लागत नाही. गावाकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना लागत नाही, म्हणजे ऊस वाहतुकीच्या सीझनवर डोळा ठेवून बसलेल्यांनी आधी उसाच्या गाड्यांमध्ये ट्रक किती आणि ट्रॅक्टर किती ते बघावं.

मोजणी कशी करायची? सोपं आहे. हायवेवरच्या ढाब्याच्या पार्किंगमध्ये दोन दिवस, सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास बसा. डिझेलच्या टाकीजवळ छोटी टाकी आणि तिला निळं झाकण दिसलं की वहीत रेघ ओढा. नंबरप्लेटवरून गाडी स्थानिक आहे की परराज्यातली ते वेगळं लिहा. स्थानिक गाडी परत परत येणार, बाहेरची एकदाच. ड्रायव्हरला चहा पाजा आणि विचारा, "दादा, युरिया कुठून भरता? कोण ठरवतं, तुम्ही का शेठ?" या एका प्रश्नात अर्धा धंदा कळतो. काही ठिकाणी ड्रायव्हर रोखीनं घेतो, काही ठिकाणी शेठ पंपावर खातं ठेवतो. दोघांना विकायची पद्धत पूर्ण वेगळी.

उधारी, उधारी, उधारी

ट्रान्सपोर्टच्या लाइनमध्ये भाडं उशिरा येतं, म्हणून ट्रान्सपोर्टवाला सगळ्यांनाच उशिरा देतो. डिझेल आणि टोल सोडून. तुम्ही त्या रांगेत टायरवाल्याच्याही मागे उभे राहणार आहात.

वरचाच हिशेब पुढे न्या. ६०० बादल्या, बादली ११०० रुपयांना धरली तर महिन्याची विक्री ६ लाख ६० हजार. सगळ्यांनी ४५ दिवसांची उधारी मागितली तर बाजारात अडकले ९ लाख ९० हजार. तुमचा महिन्याचा नफा ३०,०००, आणि दहा लाख दुसऱ्याच्या खिशात. एक शेठ दोन लाखांना बुडवून गेला तर तुमची सहा-सात महिन्यांची मेहनत गेली. म्हणून मी म्हणतो, मुद्रा कर्ज काढायचंच असेल तर ते मशीनसाठी काढण्यापेक्षा खेळतं भांडवल किती लागेल याचा आधी विचार करा. आणि पहिल्या सहा महिन्यांत उधारी फक्त सात दिवसांची, तीसुद्धा ज्याच्या पाचपेक्षा जास्त गाड्या आहेत त्यालाच. एखाद्यानं नाही म्हटलं तर नाही. त्याच्याशी वाद घालू नका. "बरं काका, गरज लागली तर फोन करा" म्हणायचं आणि निघायचं. रात्री अकराला त्याच्या गाडीचा दिवा लागला की तो फोन करतोच, आणि तेव्हा तो रोख देतो.

तुम्ही नक्की काय विकताय?

बादली तर पंपावरही मिळते, स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळते. मग तुमच्याकडून का घ्यायची? कारण तुम्ही ती नीट भरून देता आणि भरताना होणाऱ्या चुका टाळता. या लाइनमध्ये बादलीपेक्षा भरणं महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकं त्याकडेच कुणी लक्ष देत नाही.

बघा, ढाब्यावर काय चालतं. डिझेलचं जुनं नरसाळं घेतात, त्यातूनच युरिया ओततात. डिझेलचे चार थेंब युरियाच्या टाकीत गेले की पंपाचं आणि सीलचं नुकसान सुरू. उलटं झालं, म्हणजे युरिया डिझेलच्या टाकीत गेला, तर त्याहून वाईट. अशा वेळी चावी फिरवायचीच नाही. इंजिन चालू न करता टाकी रिकामी करून धुवायची. चावी फिरवली की तो माल पुढे ओढला जातो आणि खर्च दहापट होतो. ही एक गोष्ट तुम्ही प्रत्येक ड्रायव्हरच्या कानावर घातलीत तरी वर्षातून एखादी गाडी वाचेल आणि तो शेठ तुम्हाला विसरणार नाही. युरियाच्या गनचं तोंड १९ मिलिमीटरचं, डिझेलच्या गनपेक्षा बारीक ठेवलेलं असतं, तेही याच भानगडीसाठी. बादलीनं भरताना ते संरक्षण नसतं.

झाकणाभोवती पांढरी भुकटी जमलेली असते. ती वाळलेल्या युरियाची, पाण्यानं विरघळते. झाकण उघडायच्या आधी ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसायचं, नाहीतर धूळ सगळी आत. काठोकाठ भरायचं नाही. टाकी पूर्ण कोरडी पडेपर्यंत थांबायचंही नाही. मी तर म्हणतो, पाव टाकी उरली की भरायचं आणि तारीख, किलोमीटर एका कार्डावर लिहून ते केबिनमध्ये ठेवायचं. दोन महिन्यांनी त्या कार्डावरून गाडीचा युरिया किती जातो ते शेठला कळतं. अचानक कमी जायला लागला तर नोझल चोकअप असू शकतं, अचानक जास्त जायला लागला तर कुठे गळती आहे किंवा बादल्या दुसरीकडे जातायत. हे कार्ड छापायला दोन रुपये लागतात.

अजून एक सवय ड्रायव्हरला लावा. इंजिन बंद केल्यावर बॅटरीचं मेन स्विच लगेच पाडायचं नाही. चावी काढल्यावर थोडा वेळ पंप चालू राहतो आणि पाइपमधला युरिया परत टाकीत ओढून घेतो. लगेच करंट तोडला तर तो पाइपमध्येच राहतो, वाळतो, खडे होतात. किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते एकदा वाचून ड्रायव्हरला दाखवा.

माल साठवण्याचंही असंच. आयएसओच्या तक्त्यात ३० अंशांपर्यंत ठेवला तर साधारण १२ महिने टिकतो, ३५ अंशांपर्यंत सहा महिने. आता विदर्भातला पत्र्याचा गाळा मे महिन्यात किती तापतो ते मी सांगायला नको. त्यामुळे मोठी स्कीम मिळतेय म्हणून मार्चमध्ये पाचशे बादल्या भरून ठेवायच्या नाहीत. पंधरा-वीस दिवसांचा माल, सावलीत, बॅच नंबरप्रमाणे लावलेला, जुना आधी बाहेर. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला तर ती बादली विकायची नाही.

रिकाम्या बादल्या भंगारात जाऊ देऊ नका. चांगल्या कंपनीची अखंड बादली भंगारवाल्याकडून कुणाच्या शेडमध्ये जाईल आणि काय भरून परत येईल ते सांगता येत नाही, आणि आली तर तुमच्याच गिऱ्हाइकाकडे येईल. ड्रायव्हरला पटवून झाकणाला आणि बुडाला भोक पाडूनच द्या.

पुढे गाड्या वाढल्या की हजार लिटरची टाकी आणि मीटर लावलेला पंप घेऊन जागेवर जाऊन सुटा युरिया भरून द्यायची सेवा सुरू करता येते. त्यात बादलीचा खर्च वाचतो. पण तेव्हा मीटर वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. स्वतः पॅकिंग करून विकणार असाल तर पॅकर म्हणून नोंदणीही लागते. उद्यम आणि जीएसटी आधीच करून ठेवा, कारण गाडीमालकाला बिल लागतंच.

पुरवठादार मात्र दोन ठेवा. २०२१ साली चीननं युरियाच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा दक्षिण कोरियात या पाण्याचा इतका तुटवडा झाला की सरकारला लष्करी विमान पाठवून ऑस्ट्रेलियातून २७,००० लिटर आणावं लागलं. विमानानं युरियाचं पाणी! तुमच्याकडे विमान नाही. एका कंपनीचा माल अडला तर दुसऱ्या कंपनीचा फोन नंबर हवा. दोघांकडूनही प्रत्येक बॅचचं तपासणी प्रमाणपत्र मागा. जो देत नाही त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

आणि शेवटचं, हे हमखास विचारलं जातं: "सर, युरिया बंद करायची चिप मिळते, ती बसवून देऊ का?" नाही. ती गाडीच्या कॉम्प्युटरला फसवते, धूर तसाच सोडते आणि ती बेकायदा आहे. शिवाय साधा हिशेब बघा, जी गाडी चिप लावणार ती तुमची बादली घेणं बंद करणार.

या रविवारी ढाब्यावर बसून मोजणी करा. मग एका प्रमाणित कंपनीच्या वितरकाकडून रोखीनं दहा बादल्या आणा, एक स्वच्छ नरसाळं, एक रिफ्रॅक्टोमीटर आणि फडक्यांचा गठ्ठा घ्या. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास जाईल. त्या दहा बादल्या किती दिवसांत संपल्या, कितीजणांनी रोख दिले आणि कितीजणांनी पुन्हा बोलावलं, हे तीन आकडे मला कमेंटमध्ये लिहा. ज्यांचे आकडे येतील त्यांच्या भागाप्रमाणे पुढचा हिशेब आपण एका वेगळ्या व्हिडिओत करू.